आबांनी बशीत हात घातला

पीएच.डी. झाल्यावर माणूस काय करतो, याचं सरळ उत्तर आमच्या घरात कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. "पोस्टडॉक करते," असं मी सांगायचे आणि आबा, म्हणजे माझे वडील, समोरच्याकडे बघून ओशाळं हसायचे. साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. फिटर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझं मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, एसटीची वाट बघतानासुद्धा सांगावं लागे. "शिक्षन झालं न्हवं? मग आता परत कसलं शिकतीया?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की शेवटी मीच तो स्वतःला विचारू लागले.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूवर काम करत होते. मेंदू घडताना एक वेळ अशी येते की तोवर नुसती वाढणारी, एकीच्या दोन आणि दोनाच्या चार होणारी पेशी थांबते आणि मज्जापेशी व्हायला लागते. एकदा झाली की झाली, पुन्हा ती दुभंगत नाही. हे तिला कोण सांगतं? माझा संशय आरएनएवर होता. आरएनए म्हणजे सातबाऱ्याचा उतारा म्हणा. मूळ दप्तर तलाठ्याकडे, ते जागचं हलत नाही. आपण उतारा काढतो, बँकेत नेतो, काम झालं की तो खिशात चुरगाळला जातो. पेशीतही मूळ दप्तर आत बसून असतं आणि उतारे बाहेर कामाला निघतात. माझं म्हणणं असं की मज्जापेशी होण्याचा एक उतारा पेशीत आधीच काढून ठेवलेला असतो, पण कुणीतरी तो दाबून धरतं आणि वेळ आली की सोडतं. उतारा आहे पण काम अडलंय, ही गोष्ट आमच्या इंदापूर तालुक्यात कुणालाही पटकन पटली असती. पुण्यात ती सिद्ध करता करता माझ्या नाकी नऊ आले होते.

अडचण अशी की आरएनए टिकतच नाही. त्याला खाऊन टाकणारं एक द्रव्य असतं आणि ते सगळीकडे असतं, पण सगळ्यात जास्त माणसाच्या हातावर. घामात, कातडीवर, बोटांच्या टोकांना. उकळलं तरी ते मरत नाही. एक बोट चुकीच्या ठिकाणी लागलं की आठवड्याची मेहनत मातीत. म्हणून आम्ही सदा हातमोजे घालून वावरायचो. माझ्या टेबलाच्या आसपास कुणी फिरकलं तरी मी फिस्कारायचे. माझ्या माघारी मला मांजर म्हणतात, हे मला ठाऊक होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

इतकं करूनही आरएनए तुकडे तुकडे होऊन निघायचा. माझी खात्री झाली की दोष अंड्यांच्या प्रवासात आहे. अंडी बारामतीकडच्या एका हॅचरीतून टेम्पोने यायची, वाटेत हिंदकळायची, उन्हात तापायची. आतले गर्भ कुणी पुढे गेलेले, कुणी मागे राहिलेले. मला सगळे एका वयाचे हवे होते आणि मेंदू काढल्याबरोबर गोठवायला हवे होते.

त्याच सुमाराला बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची कायमची जागा निघाली. आबांच्या आग्रहाखातर मी मुलाखत दिली आणि माझी निवड झाली. आबा त्या दिवशी नवा सदरा घालून विनाकारण भवानीनगरच्या बाजारात चक्कर मारून आले. होकार कळवायला जूनच्या सुरुवातीपर्यंतची मुदत होती. मला रात्र रात्र झोप लागेना. एकदा वाटे, घ्यावी नोकरी, सुटावं. लगेच वाटे, मग तो उतारा कोण दाबून धरतं ते मला कधीच कळणार नाही, आणि नुसत्या त्या विचारानं जीव कासावीस व्हायचा.

शेवटी मी स्वतःशीच एक सौदा केला. हा उन्हाळा घरी जायचं, हॅचरीच्या जवळ बसून मेंदू काढायचे, जागेवर गोठवायचे. आरएनए धड निघाला तर पुण्यातच राहायचं, नाही निघाला तर कॉलेज. आबांना मी हे तोंडावर सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाले. काम फिसकटावं असं मनातून त्यांना वाटत असणार, असं मी धरून चालले. आम्ही बौद्ध, नवस बोलायची रीत घरातून केव्हाच गेलेली, नाहीतर एखादा बोललेच असते.

मे महिन्यात मी संस्थेचा सूक्ष्मदर्शक गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने घरी आले. भवानीनगरच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आमचं घर. कारखान्याचा हंगाम संपला होता, चिमणी थंड होती, ऊसतोडवाल्यांच्या कोप्या उठून गेल्या होत्या आणि उन्हाचा नुसता जाळ. गोठवायला द्रवरूप नायट्रोजन हवा. तो या भागात कुठे मिळणार, असं पुण्यात मला सगळ्यांनी विचारलं होतं. त्यांना गाई कशा भरवतात हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दूध संघाचा डॉक्टर मोटारसायकलवर नायट्रोजनचा जार बांधून वस्तीवस्तीवर फिरायचा आणि जारात जर्सी नि होल्स्टीन वळूंचं वीर्य गोठलेलं असायचं. त्या भल्या माणसानं आपल्या केंद्रातल्या मोठ्या जारात माझ्या नळ्यांना एक कप्पा दिला आणि एक छोटा जार घरी वापरायला दिला.

"कोंबडीची पिल्लं बैलांच्या शेजारी ठिवलीस व्हय?" आई म्हणाली. "काय जन्माला यील त्यातनं, ते आधी सांगून ठिव."

आईचं बरं होतं. तिला माझ्या कामातलं काही कळत नव्हतं आणि कळत नाही म्हणून ती खंतावतही नव्हती. "पायाला भिंगरी लावल्यागत घरात फिरू नको, डोकं फिरतंय माझं," एवढीच तिची तक्रार. ती खरी होती. अंडी उबायला टाकली होती आणि ती ठरल्या वेळेआधी काही मिळणार नव्हती. मी दिवसातून चार वेळा हॅचरीकडे जायला निघायचे आणि चार वेळा वाटेवरून परतायचे.

पुढच्या खोलीत मी टेबल मांडलं, कारण उजेड तिथंच होता. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, तर आबांनी न सांगता त्याखाली पत्र्याचा तुकडा ठोकून तो सरळ केला. पण अडचण खोलीचीच होती. आमची पुढची खोली म्हणजे चावडी. आणि तिथं कोपऱ्यात आबांचा माठ.

त्या माठाबद्दल सांगायला हवं. छप्पन सालानंतर आमच्या माणसांनी देव्हारे काढले, नावं बदलली, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, हे सगळं आबांनी लहानपणी बघितलेलं. त्याच्याही आधी, पाणी दुसऱ्यानं वरून ओंजळीत ओतायचं आणि ते आपण खाली वाकून प्यायचं, हेही त्यांनी बघितलेलं, प्यायलेलं. कारखान्यात नोकरी लागून घर बांधलं तेव्हा त्यांनी एक रिवाज घातला. या घरात आलेल्याला पाणी आणून द्यायचं नाही. त्यानं स्वतःच्या हातानं माठात तांब्या बुडवून घ्यायचं. मग तो साहेब असो, उसाचा गाडीवान असो की सोयरा. शाळेत जंतू शिकल्यावर मी एकदा म्हणाले होते, "आबा, सगळ्यांचे हात पाण्यात जातात." आबा म्हणाले, "त्येवढ्यासाठीच तर ठिवलाय."

आणि वरच्या आळीच्या काकी. त्यांच्या विहिरीवर आमच्या माणसांना चढायची सोय नव्हती. आबांना वरून पाणी ओतणाऱ्यांत काकींची सासू होती. काकी मात्र उतारवयात आमच्याकडे येऊन बसू लागल्या. पहिले कितीतरी दिवस "तहान न्हाय" म्हणायच्या. एके दिवशी त्या उठल्या, माठावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि गटागटा पाणी प्याल्या. आबा त्या दिवशी जेवताना दोनदा सांगत होते, "काकी पाणी प्याल्या आज." तेव्हापासून काकी रोज येत, रोज आपल्या हातानं पाणी घेत, आणि आबा दुसरीकडे बघितल्यासारखं करून ते बघत.

अंडी आली त्या सकाळी मी हवेत होते. हॅचरीवाल्यानं अख्खा एक ट्रे एकाच दिवशी, एकाच वेळी लावलेला दिला होता. अंडं फोडावं तर आतला गर्भ नेमका हवा तसा, दुसरं फोडावं तर तसाच, तिसरंही. असे एका वयाचे गर्भ मला आजवर मिळाले नव्हते. मेंदूचा मला हवा असलेला भाग भिजलेल्या साबुदाण्याएवढा. एकेक काढून मी बर्फावर ठेवलेल्या काचेच्या उथळ बशीत, थंड खारट पाण्यात सोडत होते. सगळे निघाले की एकदमच नळ्यांत भरून जारात टाकायचे, असा बेत. माझा हात इतका स्थिर चालला होता की मलाच नवल वाटत होतं. आईला मी ताकीद दिली होती, ती स्वयंपाकघरात होती. आबा दारात बसून सायकलचं चाक काढत होते.

काकी आल्या. आबांच्या बाजूनं आत आल्या आणि मी मान खाली घालून बसलेली, मला पत्ताच नाही. एकदम माझ्या खांद्यावरून आवाज आला, "हे काय गं, साबुदाना भिजवलास?" आणि एक सुरकुतलेलं बोट माझ्या डोळ्यांदेखत बशीच्या पाण्याकडे निघालं.

"शिवायचं नाही!" मी ओरडले. "लांब व्हा! लांब व्हा म्हणते ना!" आणि कोपरानं त्यांचा हात उडवला.

काकी थबकल्या. त्यांनी पदर आवरून घेतला. रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. "बरं बाय, न्हाय शिवत," असं हळू म्हणाल्या, उंबऱ्याबाहेर उतरल्या आणि पायरीच्या खाली, उन्हात उभ्या राहिल्या. पूर्वी आमची माणसं त्यांच्या दारात जिथं उभी राहायची, अगदी तेवढ्याच अंतरावर. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. अंतर त्यांना पाठ होतं.

आबा उठले.

"काकीस्नी आत बोलव."

"आबा, जरा थांबा. एवढं नळीत भरू द्या."

"आधी बोलव."

"आबा, तुम्हाला कळत नाही, हातावर—"

"मला कळत न्हाय?" आबांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मला?"

ते टेबलाजवळ आले. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि चाकाच्या वंगणानं काळा झालेला आपला पंजा बशीतल्या पाण्यात सपाट ठेवला. पाण्याला हात लावणं म्हणजे आमच्या माणसांसाठी काय असतं, हे मी सांगायला नको. आबांनी तेच केलं, जे त्यांच्या मते अशा वेळी करायचं असतं.

"ह्या घरात," ते म्हणाले, "पान्याला शिवू नको, आसं कुनी कुनाला म्हनायचं न्हाय."

मी बशीकडे बघत होते. पाणी काळसर झालं होतं. मेंदू त्यांच्या तळव्याखाली चिरडले होते, काही बोटांना चिकटले होते.

मग मी जे बोलले ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो, पण बोलले. "झालं तुमच्या मनासारखं! हेच पाहिजे होतं ना तुम्हाला? नोकरी धरावी म्हणून मुद्दाम केलंत!"

आबांनी हात वर काढला. बोटांना चिकटलेले ते पांढरे कण जवळ धरून बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

"हेच व्हतं व्हय ते?" ते म्हणाले. "मला वाटलं, पानी हाय."

मी हातमोजे ओरबाडून काढले आणि घराबाहेर पडले. कालव्याच्या कडेनं किती चालले मला सांगता येणार नाही. तोडलेल्या उसाचा पाचोळा जाळून काळी झालेली रानं, वर ऊन, आणि मी मोठमोठ्यानं आबांशी भांडत चाललेली. मला त्यांचा राग होता, काकींचा होता, त्या सासूचा होता जी केव्हाच मेली होती. त्या द्रव्याचाही राग होता, ते कुणाच्या हातावर असावं आणि कुणाच्या नाही याची त्याला काही चाडच नव्हती. त्यातच माझ्या लक्षात आलं की हे मी घरात कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. 'हात लावू नका' एवढंच सांगत आले होते. का, ते विचारायची आमच्याकडे कुणाला गरज वाटत नाही. त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना आधीच माहीत असतो.

परतले तर आईनं काकींना आत आणून बसवलं होतं. आबा नळावर हात धूत होते. धुऊन झाले तरी धूत होते.

काकींनीच विचारलं, "माझ्या हाताला काय झालंय गं?"

मी खाली बसले आणि सांगितलं. की हातावर असं एक द्रव्य असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि मी जे शोधते ते त्यानं नासतं. म्हणून मीसुद्धा मोजे घालते, माझ्याच हाताची मला भीती असते.

"म्हंजी तुझ्या बी हातावर?"

"माझ्या पण."

"फिटरच्या?"

"आबांच्या पण, तुमच्या पण. सगळ्यांच्या."

काकींनी जरा विचार केला. "आन् बामनाच्या?"

"त्यांच्या पण, काकी. जेवढं तुमच्या, तेवढंच त्यांच्या."

काकी हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड, मग डोळ्यांतून पाणी येईतो. "आगं बया बया," त्या म्हणत राहिल्या, "आमची म्हातारी आसायला पायजे व्हती हे ऐकायला." आईही हसली. मलाही हसू यायला लागलं आणि त्याचा मला संतापही आला, कारण समोर बर्फ वितळत होता आणि बशीत काहीच उरलं नव्हतं.

आबा हसले नाहीत. नळावरून आले, टॉवेलाला हात पुसले.

"धुतलं की जातं का?"

"नाही, आबा."

"कितीबी धुतलं तरी?"

"कितीही."

त्यांनी मान हलवली आणि सायकलचं चाक पुन्हा बसवायला गेले. मी माफी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. जेवायला वाढलं की विषय संपला असं धरायचे. त्या दिवशी वाढलं, पण संपला नाही.

हॅचरीत तसा ट्रे पुन्हा लगेच मिळणारा नव्हता. इकडची तिकडची, वेगवेगळ्या दिवशी लावलेली अंडी मिळाली. त्यातून वेचून वेचून मी पुन्हा कामाला बसले. बसण्यापूर्वी बघते तर कोपरा रिकामा. आबांनी भरलेला माठ तिवईसकट उचलून बाहेर लिंबाखाली नेला होता. घर बांधल्यापासून तो तिथून हलला नव्हता. आबा स्वतः उंबऱ्यात स्टूल टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला अडवत होते.

"पानी भाईर हाय. आत जायाचं न्हाय. हात वाईट हायेत."

"कुनाचे?"

"समद्यांचे," आबा सांगायचे. हे सांगताना ते जरा ताठ बसायचे, असं मला वाटलं. पण माझ्याकडे वळून बघत नव्हते.

काम झालं, पण हाताला ती पहिल्या दिवशीची स्थिरता आली नाही. गर्भ पुढेमागे होते. एकदा वीज गेली, एकदा बर्फ संपला. नळ्या जारात टाकल्या आणि जार घेऊन मी पुण्याला निघाले. आबा स्टँडवर सोडायला आले. जार त्यांनीच उचलून धरला होता. बस हलताना एवढंच म्हणाले, "निघाला का न्हाय, ते कळीव."

प्रयोगशाळेत आले ती थेट कामाला लागले. मेंदू कुटायचे, आरएनए वेगळा काढायचा, मग जेलीच्या थरातून विजेच्या जोरावर तो पळवायचा. आरएनए धड असेल तर शेवटी दिव्याखाली दोन ठसठशीत पट्टे दिसतात. मला दिवसभर बसवेना. मी जिने चढत होते, उतरत होते, चहा घेऊन न पिता ठेवून देत होते. दिवा लावला. पट्टे नव्हते. पाटीवरची अक्षरं ओल्या बोटानं पुसावीत तसा वरपासून खालपर्यंत नुसता फराटा. एका नळीचा नाही, सगळ्यांचा. कशामुळे झालं, ते मला आजतागायत सांगता येणार नाही.

मी जेली कचऱ्यात टाकली, टेबल पुसलं आणि बाहेर येऊन एसटीडी बूथवर गेले. आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात होता, तिथून आबांना हाक मारायचे. मी थांबले. सौदा सौदा असतो, असं स्वतःला बजावत होते. खरं सांगायचं तर मला रडायला येत होतं.

आबा धापा टाकत आले.

"आबा, नाही निघाला."

"हं."

"सगळा नासला. मी कॉलेजला होकार कळवते. उद्या येतेच आहे तिकडं."

पलीकडून कुणीतरी साखर मागत होतं.

"आबा?"

"ती जागा न्हाय आता," आबा म्हणाले. "मी गेल्तो बारामतीला. प्राचार्यास्नी सांगून आलो, पोरगी येनार न्हाय, दुसऱ्या कुनाला द्या. त्यांनी दिली बी."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं आणि माझं डोकं फिरलं. "मला न विचारता? कधी गेला होता तुम्ही?"

"तू गाडीत बसलीस, तसाच फुडच्या गाडीनं."

"म्हणजे काय निघतंय ते कळायच्या आधीच?"

"व्हय."

"आबा, अहो तुम्हालाच ती नोकरी पाहिजे होती!"

"पायजे व्हती," आबा म्हणाले. "लई पायजे व्हती." मग दुकानात ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "तू हितं नोकरी धरली आसतीस, रोज डबा घिऊन गेली आसतीस, आन् मी रोज बघितलं आसतं. तू काय बोलली नसतीस. पर मला म्हाईत ऱ्हायलं आसतं न्हवं, माझ्या हातानं मोडलं म्हनून तू हितं हायेस. कितीबी धुतलं तरी."

मी रिसीव्हर कानाशी गच्च धरून उभी होते. कॉलेजची नोकरी गेली होती. हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. माणसानं असं दुसऱ्याचं आयुष्य परस्पर ठरवून टाकू नये, एवढा मोठा राग मला आला होता. आणि त्या रागाच्या तळाशी, लाज वाटावी इतकं, हायसं वाटत होतं.

"हॅचरीत सांगून आलोय," आबा म्हणाले. "अख्खा टिरे यकाच दिवशी लावनार हायेत. तू कवा येतीस?"

"रविवारी," मी म्हणाले.